आजीच्या सहस्रचंद्रासाठी डिजिटल चिकटवही: घरच्या ग्रुपवरची चर्चा

सोनूताई (पुणे): मंडळी, आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला तीन महिने राहिले. साडी, पूजा, जेवणाचा बेत हे बाळकाका आणि माईकाकू बघतायत. मी एक काम अंगावर घेते. आजीची डिजिटल चिकटवही. प्रत्येक घरानं आपापली पानं द्यायची, मी जुळवते. टीव्हीवर सगळ्यांना बघता येईल आणि एक प्रत छापून आजीच्या हातात देऊ.

चिंगी: येस ताई!! कॅनव्हावर भारी टेम्प्लेट्स आहेत. फुलं, वॉशी टेप, पोलरॉइड फ्रेम. रात्रीच चार पानं करून टाकते.

बाळकाका (चिपळूण): कल्पना छान. पण आपला कुलवृत्तांत छापलेला आहे की. त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वहीत तर पणजोबांची सही मी स्वतः बघून आलोय. परत वेगळं कशाला?

सोनूताई: काका, कुलवृत्तांत कालच काढून वाचला. आजोबांना अर्धं पान आहे, शिक्षण, नोकरी, बदल्या, सगळं. आजीला एक ओळ. सासरचं नाव, वडिलांचं नाव, गाव गुहागर. संपलं. तिचं माहेरचं नावही नाही. आत्याचं लग्न झालं की ती आपल्या पुस्तकातून बाहेर. त्या पुस्तकांची रचनाच मुलग्यांच्या अंगानं पिढीमागून पिढी अशी असते, आणि तिच्यामुळेच आपल्याला सात पिढ्यांची नावं घडाघडा सांगता येतात, हे मला मान्य आहे. पण आजी कोण होती हे त्यातून कळत नाही. ही वही तिची असू दे.

बेबीआत्या (रत्नागिरी): आईचं माहेरचं नाव कुसुम. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं आणि सुलभा झाली. गुहागरचे मामा शेवटपर्यंत कुसुमच म्हणायचे.

चिंगी: मला हे माहीतच नव्हतं 😮

सोनूताई: आत्या, हेच पहिलं पान. आणि एक नियम करू या. वहीत जिथे जिथे घरातली बाई आहे, तिथे तिची दोन्ही नावं आणि माहेरचं गाव. माईकाकू, तुमचंही.

माईकाकू (ठाणे): लिहिते गं. माझं नाव बदललं नव्हतं, पण आडनाव आणि गाव लिहायला कोणी सांगितलंच नव्हतं आजवर.

बाळकाका: बरं, आता अडचण ऐका. २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा खालच्या कपाटातले अल्बम गेले. आईबाबांच्या लग्नाचा त्यातच होता. एक पुडकं ठेवलंय, पण फोटो एकमेकांना चिकटून वीट झालीये. तीन फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेत. सुरीनं सोडवून बघू का?

सोनूताई: नको नको काका, सुरी लावू नका! जुन्या कृष्णधवल फोटोवर जेलॅटिनचा थर असतो, चित्र त्या थरातच असतं. पाण्यानं तो फुगतो आणि वाळताना जे टेकलेलं असेल त्याला धरून बसतो. ओढलंत तर चेहरा काचेवर आणि कागद हातात. काचेचे तिन्ही तसेच राहू द्या, काचेसकट स्कॅन करू. फक्त बाहेरून काच पुसा. ते पुडकं कोरड्या जागी, वरच्या मजल्यावर ठेवा. मी आल्यावर जाणत्या माणसाला दाखवू. बुरशीची पांढरी ठिपकी दिसली तरी ओल्या फडक्यानं पुसायची नाहीत, डाग आत पसरतो.
आणि सगळ्यांसाठी, पुन्हा कधी पाणी आलंच तर: भिजलेले फोटो ओले असतानाच स्वच्छ थंड पाण्यातून काढायचे, एकेक सुटा करून, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवायचे. तेवढी सवड नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचे, म्हणजे बुरशी आणि चिकटणं थांबतं. मग सवडीनं बघता येतं.

बेबीआत्या: बाळ, लग्नाचे फोटो गेले असं कसं? तेव्हा माहेरी एक संच पाठवायची पद्धत होती. गुहागरला मामेवहिनीकडे ट्रंकेत असणार. उद्या फोन करते.

सोनूताई: आत्या!! हे मला सुचलंच नसतं. मंडळी, आपापल्या आज्यांच्या, आयांच्या माहेरी विचारा. लग्नं, बारशी, मुंजी यांच्या प्रती तिकडे गेलेल्या असतात. सासरचं कपाट बुडालं तरी माहेरची ट्रंक कोरडी असू शकते.

(दोन दिवसांनी)

बेबीआत्या: सापडले. अकरा आहेत. काळ्या पानांचा अल्बम, कोपरे लावलेले, मधे पातळ जाळीदार कागद. गुहागरहून भाच्यानं पाठवलेत, इथे टाकते.

सोनूताई: थांब आत्या, इथे फोटो म्हणून टाकू नकोस. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, आणि त्यात दडलेली तारखेची माहितीही काढून टाकतं. क्लिपच्या खुणेवर जाऊन 'डॉक्युमेंट' निवड आणि तिथून पाठव, म्हणजे जशीच्या तशी फाइल येते. त्याला सांग, फोनवर काढायचे तर खिडकीजवळ, सावलीत, फ्लॅश बंद. फोटो सपाट ठेवून फोन बरोब्बर वर समांतर धरायचा. स्कॅनर मिळाला तर सोन्याहून पिवळं. पोस्टकार्डाएवढ्याला ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) चालतं, पण हे बोटभर फोटो ६०० नं कर म्हणावं, मोठे करून छापता येतील. पाठीमागची बाजूही हवी, तिथे स्टुडिओचा शिक्का, तारीख, कोणाचं अक्षर असतं.

माईकाकू: माझ्याकडे ते चिकट पानांचे अल्बम आहेत, वर प्लास्टिकचा पापुद्रा असतो ते. फोटो निघत नाहीत आणि पानं पिवळी पडलीत.

सोनूताई: काकू, तो गोंदच फोटोला खातो. दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळू सरकवा, बरेचसे सुटतात. नाही सुटला तर पानासकट स्कॅन. सुटलेल्यांच्या मागे बॉलपेन नको, पुढे उमटतं. मऊ शिसपेन्सिल, तीही हलक्या हातानं.

चिंगी: ताई बघ, मी आजीचा लग्नाचा फोटो एआयनं रंगीत केला! चेहरा पण क्लिअर झालाय. 😍

बेबीआत्या: साडी गुलाबी कशी?

चिंगी: त्यानंच केली. का गं?

बेबीआत्या: बोहल्यावर आमच्यात अष्टपुत्री असते, पिवळी. मामाकडची. आणि आईच्या नाकात नथ आहे, ती कुठे गेली? हे दात तर आईचे नाहीतच.

सोनूताई: चिंगे, तू मेहनत घेतलीस ते दिसतंय. पण ते ॲप आजीला ओळखत नाही. फोटोत जे धूसर असतं तिथे ते आपल्या मनानं डोळे, दात, कापड भरतं. आणखी वीस वर्षांनी तुझी मुलं हाच फोटो खरा धरतील. आपण घासून पुसून बदलू नये. उजेड-अंधार, तिरपेपणा, एखादा ओरखडा एवढंच. ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर झालेत कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो, तो तोल सावरायला हरकत नाही. रंगाचं काय, आजी आहे ना! तिला विचार. तिनं सांगितलेला रंग फोटोखाली लिही.

चिंगी: विचारलं. मोठं सांगते हं. अष्टपुत्री हळदी रंगाची, मामानं आणलेली. नंतरचा शालू डाळिंबी, काठ हिरवे. मंडपात पाऊस आला म्हणून शालू वर धरून ती पडवीत पळाली आणि तिच्या सासूबाई हसल्या, त्या दिवशी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं म्हणे. एआयवाला डिलीट केला.

बंड्यादादा (स्टुटगार्ट): चिंगे, फोटोखाली हेच्या हे टाक. मी इकडे बाबांचे निगेटिव्ह स्कॅन करतोय. साध्या स्कॅनरवर होत नाहीत, मागून उजेड देणारा लागतो, आणि एवढ्याशा फिल्मला किमान २४०० डीपीआय. हा बघा, आजी स्टेशनवर, हातात पिशवी. साल कोणतं?

बाळकाका: चिपळूण स्टेशनचा फलक दिसतोय. म्हणजे कोकण रेल्वे आल्यावरचा. पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला, त्याच्या आसपास.

सोनूताई: मग 'अंदाजे १९९८' असं लिहू या. ठाऊक नसेल तिथे अंदाजे, आणि कशावरून ते एका ओळीत. फाइलचं नावही तसंच ठेवा: साल, गाव, माणसं. नुसते आकडे असलेली फाइल पाच वर्षांनी कोणी उघडत नाही.
आजीला साल विचारू नका बरं का, गोंधळते. तिला विचारा, भूकंपाच्या आधी की नंतर?

बाळकाका: कोयनेचा. ११ डिसेंबर १९६७, पहाटे. भाऊ तान्हा होता. आई त्याला घेऊन अंगणात आली आणि उजाडेपर्यंत तुळशीपाशी बसून राहिली, घरात पाऊल टाकेना. हे ती दर डिसेंबरात सांगते.

सोनूताई: काका, याचा फोटो कुठेच नाही. पण पान हवं! तुळशीवृंदावनाचा आजचा फोटो काढा आणि आजीच्याच शब्दांत ती पहाट लिहा. तुमच्या शब्दांत नको, तिच्या. फोटो नाही म्हणून प्रसंग वगळायचा नाही.

माईकाकू: एक नाजूक विचारते. २०१४ च्या गणपतीच्या फोटोत मेधा आहे. सगळ्यात चांगला फोटो तोच. आता ती आणि तिचा नवरा वेगळे झालेत. तिला कापून टाकू का?

बाळकाका: कापा. उगाच विषय नको.

बेबीआत्या: मला पण वाटतं कापावं.

सोनूताई: माझं मत वेगळं आहे, स्पष्ट सांगते. सहा वर्षं ती या घरात होती. माणसं कापायला लागलो तर आपली वही कुलवृत्तांताच्याच वाटेनं जाईल. पण माझ्या मतावर जाऊ नका. वही आजीची आहे, तिला विचारा. आणि मेधावहिनीलाही विचारा, तिची हरकत असू शकते.

(संध्याकाळी)

बाळकाका: आईला विचारलं. म्हणाली, "माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यात थेंब कोण घालत होतं? राहू दे तिला." मी मेधाला फोन केला. बऱ्याच दिवसांनी बोललो. ती म्हणाली ठेवा, फक्त फेसबुकवर टाकू नका.

माईकाकू: 🙏 बरं झालं भाऊजी, तुम्हीच केलात फोन.

सोनूताई: काका, मनापासून आभार. आणि ती म्हणते ते सगळ्यांनाच लागू. ही वही घरातच राहील. इन्स्टा, फेसबुक काही नाही. लहान मुलांचे फोटो आहेत, जुन्या कागदांवर पत्ते आहेत.
त्याच फोटोत उजवीकडे, दाराशी, बाळाला कडेवर घेतलेल्या बाई कोण?

बेबीआत्या: अगं त्या भागीरथीमावशी. आमच्याकडे कामाला. आईच्या बाळंतपणांपासून होत्या. बंड्याला त्यांनीच चालायला शिकवलं.

बंड्यादादा: मग त्यांचं पान मी करतो. त्यांच्या मुलाचा नंबर काकांकडे असेल ना? फोटोची प्रत त्यांच्या घरीही द्यायला हवी.

चिंगी: ताई, पानाचा साइज? नेटवर सगळे बारा इंची चौकोन म्हणतात.

सोनूताई: ते अमेरिकेतल्या अल्बमांचं माप आहे, तिकडे तयार कव्हरं मिळतात. आपण आडवं ए-फोर घेऊ, चिपळुणातसुद्धा छापून आणि बाइंड करून मिळेल. ३५०८ बाय २४८० पिक्सेल ठेव. कडेला बोटभर जागा सोड, बाइंडिंगमध्ये जाते. एका पानावर एक मोठा फोटो, फार तर दोन लहान. फुलं-टेप लाव, पण मजकुराला जागा आधी. पार्श्वभूमी म्हणून विकतचं डिझाइन घेण्यापेक्षा आजीच्या इरकलीचे काठ स्कॅन कर, पाककृतींच्या वहीतलं तेलाचे डाग पडलेलं पान घे. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर अक्षरं नीट दिसतात; मुक्ता किंवा बलू फॉन्ट चालेल. काका, कुलवृत्तांताची प्रेसची फाइल मी उघडून बघितली, जुन्या फॉन्टमुळे फोनवर नुसती चिन्हं दिसतात. आपलं तसं व्हायला नको.

बेबीआत्या: आईच्या ओव्यांचं काय? अजून म्हणते, पण अर्ध्यावर थांबते.

सोनूताई: रेकॉर्ड कर, आज उद्या कर. पंखा बंद, फोन जवळ, मधे दुरुस्त करू नकोस. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या काही 'परी' या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. त्यात बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं. आपण आजीची तशीच ठेवू: कुसुम, गुहागर. पानावर क्यूआर कोड देऊ, पण शब्दही छापू. दुवा कधी बंद पडेल सांगता येत नाही.

बंड्यादादा: साठवणार कुठे? आजीच्या नावानं नवं गूगल खातं काढू?

सोनूताई: खातं काढून विसरायचं असेल तर नको. फुकटात १५ जीबी मिळतात आणि दोन वर्षं कोणी उघडलं नाही तर गूगल खातं काढून टाकू शकतं. तीन प्रती करू. एक तुझ्याकडे हार्ड डिस्कवर, एक माझ्या चालू खात्यावर, आणि तिसरी छापलेली, चिपळूणला. काका, वरच्या मजल्यावर!

बाळकाका: वरच्या मजल्यावर, लोखंडी कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर. आत्ताच जागा केली.
आणि ऐका, आई विचारतेय की तिच्या शाळेतल्या मैत्रिणींचा फोटो घ्याल का. गुहागरच्या अकरातला शेवटचा, सात मुली आहेत. मला एकही ओळखू आली नाही. ती बोट ठेवून सातही नावं सांगतेय. रविवारी चारला व्हिडिओ कॉल लावतो, चिंगीनं लिहून घ्यावं. बेबी, तू ओवीचं तेव्हाच बघ, दुपारी तिचा आवाज चांगला असतो.

चिंगी: हो काका. वही-पेन घेऊनच बसते. सातही जणींची माहेरची नावंच असतील ना, सासरची आजीला माहीत असली तर तीही विचारते.