श्रोत्यांसमोर गप्पा, पुस्तक आणि गाणी: रेडिओसाठी रेकॉर्डिंग कसं करावं?

नौपाडा_कट्टा: ठाण्यात वाचनालयाच्या ६० खुर्च्यांच्या हॉलमध्ये ५५ मिनिटांचा कार्यक्रम रेकॉर्ड करायचाय. दोघांच्या गप्पा, पुस्तकातला उतारा, मग तीन गाणी. गायिकेची पट्टी काळी चार (सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर), साथीला पेटी आणि तबला. मिक्सर आठ चॅनेलचा, लॅपटॉपला फक्त स्टीरिओ देतो. चार डायनॅमिक माइक (जवळचाच आवाज टिपणारे), दोन कंडेन्सर (जास्त संवेदनशील). चाचणीत बोलणं हौदातून आल्यासारखं आलं आणि गाण्यात तबलाच पुढे. शिवाय बारीक गुणगुण. पुस्तकाच्या परवानगीचं काय करायचं?

खाडीकाठ: हौद होतो तो सहाही माइक उघडे ठेवल्याने. उघडे माइक दुप्पट झाले की हॉलचा आवाज सुमारे ३ डेसिबलने वाढतो, शिवाय एकच आवाज दोन माइकमध्ये थोडा मागेपुढे पोचतो. गप्पा चालू असताना वाद्यांचे माइक म्यूट. बोलणाऱ्याचा डायनॅमिक माइक तोंडापासून चार बोटांवर, किंचित तिरका. समोर धरला की प, फ, भ फुटतात.

तबला पुढे येतोय तो बहुधा गायिकेच्या माइकमधून, त्यामुळे तबल्याचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली ओढून उपयोग नाही. कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त टिपणारा माइक पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो. तबलजींना दीडेक मीटर लांब बसवा आणि गायिकेच्या माइकची पाठ त्यांच्याकडे येईल असं पाहा. एक कंडेन्सर पेटीला, दुसरा दायाँच्या (उजव्या हाताच्या तबल्याच्या) वर वीतभर. उरलेला डायनॅमिक डग्ग्याला. लो-कट (खालचा घुमणारा आवाज कापणारं बटण) डग्गा सोडून सगळ्यांना.

स्टीरिओ मिक्स नंतर सुटा करता येत नाही, म्हणून मिक्सरवाल्याला हॉलमध्ये बसवू नका. तिथे तबला कानाला थेट ऐकू येतो आणि अंदाज चुकतो. लांब वायर टाकून शेजारच्या खोलीत, बंद हेडफोनवर. पीक, म्हणजे आवाजाची सर्वांत मोठी उसळी, मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. कारण सरावात सांभाळून वाजवणारा हात द्रुत लयीत मोकळा सुटतो.

गुणगुणीसाठी आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा.

वाशी_ठेका: काळी चारला तबला सहसा मध्यमात, म्हणजे काळी एकला लावतात. तसा दायाँ आणायला आधीच सांगा. पावसाळ्यात पुडी (तबल्याचं कातडं) सैल पडते, एसीच्या कोरड्या हवेत चढते. म्हणून एसी तासभर आधी चालू करून मगच तबला लावायचा. रेकॉर्डिंगच्या वेळी आवाज नको म्हणून एसी पूर्ण बंद केलात, तर साठ माणसांच्या दमटपणाने तबला पुन्हा उतरेल. ब्लोअर मंद ठेवा, पंखे मात्र बंद. गप्पा संपल्यावर निवेदकाला दोन मिनिटं द्या. तेवढ्यात, तबल्याचे माइक म्यूट असतानाच, गट्ठ्यांवर (तबला सुरात लावायच्या लाकडी ठोकळ्यांवर) हातोडी चालू दे. ती ठकठक रेडिओवर फार वाईट ऐकू येते.

पान_उलटा: पुस्तकाचा हक्क (कॉपीराइट) लेखकाच्या मृत्यूचं वर्ष संपल्यावर पुढे ६० वर्षं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन मोकळं आहे. मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाला प्रकाशनापासून मोजायचं: बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, त्यांच्या गाण्यांचं पुस्तक १९५२ चं, तेही मोकळं. पण त्याच ओळींना नंतर कुणी लावलेली चाल मोकळी असेलच असं नाही. अनुवादाचा हक्क वेगळा. पहिल्या आवृत्तीचं साल पाहायला लांब जायला नको, १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय ठाण्यातच आहे. बाकी पुस्तकांसाठी प्रकाशकाकडून लेखी परवानगी घ्या, आणि पत्रात 'प्रसारण' हा शब्द हवाच. नुसत्या 'जाहीर वाचना'च्या परवानगीत रेडिओ येत नाही.

आणि उतारा आवरा. सावकाश वाचनात मिनिटाला ११०-१२० शब्द होतात, पाच मिनिटांना सहाशेच्या आतच.

नौपाडा_कट्टा: चार्जर काढला, गुणगुण गेली. रविवारी तबला लांब बसवून पुन्हा चाचणी. टाळ्यांना वेगळा माइक लागेल का?

खाडीकाठ: नाही. गाणं संपल्यावर गप्पांचे दोन माइक हळूच वर करा, साठ जणांच्या टाळ्या त्यात पुरेशा येतात. पण शेवटचा सूर पूर्ण विरल्यावरच.