पिकअपची स्टेपनी: पाचवा नवा टायर घ्यावा, की चारांतला उतरवलेला ठेवावा?

ओतूरकर:
माझ्या पिकअपचे चारही टायर बदलायला आले आहेत आणि या वेळी चारऐवजी पाच नवे घ्यावेत असे माझे मत आहे. घरात ते कोणालाच पटत नाही, म्हणून विषय मांडतो. गेल्या आषाढात टोमॅटोचे ६० क्रेट, म्हणजे साधारण १,२०० किलो माल घेऊन वाशीला निघालो असता माळशेज घाटाच्या अलीकडे मागचा डावा टायर फुटला. स्टेपनी होती, तिच्यात हवाही होती. पण गाडी जुनी घेतली तेव्हा जी चेसिसखाली लटकत आली, तीच तशी राहिली होती. चार चाके २१५/७५ आर १५ मापाची (रुंदी मिमीत, कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि डिस्कचा व्यास इंचांत) आणि ही १९५/८० आर १५ मापाची. पावसात जॅक लावून ती चढवली, घाट उतरलो, आणि मुरबाडला पोहोचेपर्यंत तिच्या कडेला लिंबाएवढा फुगवटा आला. उतरवल्यावर कडेचा आकडा वाचला तर ०९१२, म्हणजे २०१२ सालच्या नवव्या आठवड्यातली घडण.

तेव्हा पाचवे चाक त्याच मापाचे, तेवढाच भार पेलणारे आणि तशाच डिस्कवर (टायर चढतो त्या धातूच्या चाकावर) असावे, आणि चाकांची अदलाबदल करताना स्टेपनीलाही फेऱ्यात घ्यावे. असे केले तर पाचही टायर सारखे झिजतील आणि पाचव्यावर खर्च केलेले पैसे वाया न जाता पुढची खरेदी तेवढी लांबेल.

हिशेबी वाहतूकदार:
अनुभव खरा आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. तुमची स्टेपनी वयाने फार जुनी आणि मापाने वेगळी होती. ती कोरी नव्हती हा तिचा दोष नव्हे. चार टायर उतरवताना त्यांतला सर्वांत चांगला स्टेपनी म्हणून ठेवला, तर माप आणि भारक्षमता आपोआप जुळतात आणि खर्च शून्य होतो. कायद्याने चारचाकीच्या टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिमी लागते. मी स्टेपनीसाठी ३ मिमीच्या खाली जात नाही, आणि गोटा झालेला, म्हणजे नक्षी पार झिजलेला टायर तर कधीच ठेवत नाही.

पाच चाकांच्या फेऱ्याचे म्हणाल, तर तो कागदावर उत्तम आहे. दर दहा हजार किलोमीटरला चिखलाने माखलेली स्टेपनी खाली उतरवणारा वाहतूकदार मी आजवर पाहिलेला नाही. ती उतरवली नाही, तर कोरा टायर न वापरताच म्हातारा होतो. शिवाय ‘स्टेपनी’ या शब्दाचा उगमही पाहा. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जे चाक काढले, ते आऱ्या नसलेली रिम आणि तिच्यावर हवा भरलेला टायर एवढेच होते, आणि पंक्चर झालेल्या चाकालाच ते जखडायचे. गॅरेज गाठण्यापुरती सोय, यापेक्षा जास्त अपेक्षा मूळ स्टेपनीकडूनही नव्हती.

गॅरेजवाला:
दोघांचेही लक्ष मापावर अडकले आहे, म्हणून थोडा हिशेब मांडतो. २१५/७५ आर १५ ची बाहेरची उंची सुमारे ७०३ मिमी आणि १९५/८० आर १५ ची ६९३ मिमी, म्हणजे फरक जेमतेम १ सेंटिमीटरचा. आता नव्या टायरची नक्षी ९ मिमी आणि झिजलेल्याची ३ मिमी धरली, तर योग्य मापाचा झिजलेला टायर ६९१ मिमीच भरतो! मागच्या दोन चाकांत एवढा फरक असताना डिफरन्शियलला (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेऱ्यांना) थोडे अंतर जाणे जड नाही. मात्र फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद जोडून डांबरी रस्त्यावर तसे धावू नये.

खरी चूक भाराची होती. १९५/८० आर १५ सहसा ९६ भारांकाचा (टायर किती भार पेलतो ते सांगणारा कडेवरचा आकडा) मिळतो, म्हणजे एका चाकावर ७१० किलो. मालाचे १,००० किलो मागच्या आसावर आले आणि रिकाम्या गाडीचे ७०० किलो धरले, तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला ८५० किलो येतात. मग फुगवटा येणार नाही तर काय होईल? त्यातही सावधगिरी हवी, कारण २१५/७५ आर १५ हेच माप प्रवासी गाडीसाठी १०० भारांकात, म्हणजे ८०० किलोंचे मिळते. माप जुळले म्हणून तो उचलला, तरी तुमच्या मालाला कमीच पडेल. १०६ भारांक असला तर ९५० किलो पेलतो.

डोंगरवाटा:
माझी पिकअप मालाची नसून फिरण्याची आहे आणि तिला अलॉय चाके आहेत. स्टेपनीला साधी लोखंडी डिस्क घेतली. नटांची संख्या आणि त्यांमधले अंतर, मधले भोक आणि डिस्कचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसते ते) जुळवून घेतला. मात्र अलॉयचे नट लोखंडी डिस्कवर नीट बसेनात, कारण त्यांच्या बुडाचा आकार वेगळा होता, म्हणून वेगळे नट पान्यासोबत पिशवीत ठेवतो. टायरचे पैसे मोजणाऱ्याने हे शंभर-दोनशे रुपयेही हिशेबात धरावेत. आणि कोणी म्हणेल की २०२० पासून स्टेपनी ठेवण्याची सक्तीच नाही, तर ती सवलत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे साहित्य असलेल्या लहान प्रवासी गाड्यांना आहे, मालाच्या पिकअपला नव्हे.

हिशेबी वाहतूकदार:
भारांकाचा मुद्दा मान्य. तरीही त्याने माझीच बाजू भक्कम होते, कारण गाडीवरून उतरवलेल्या टायरचा भारांक योग्यच असतो.

ओतूरकर:
आपले म्हणणे वाचून चारही टायरची नक्षी मोजली. सर्वांत चांगल्याची २ मिमी भरली, तेव्हा तुमच्याच ३ मिमीच्या नियमाने त्यांतला एकही स्टेपनी होण्याच्या लायकीचा नाही आणि मला पाचवा घ्यावाच लागणार. पण फेऱ्याच्या बाबतीत तुमचे खरे ठरले: आता असलेली स्टेपनी उतरवायला गेलो, तर तिची साखळी गंजून अशी अडकली होती की ती सोडवायला अर्धा तास आणि हातोडा लागला. टायरच्या आधी साखळी बदलायला टाकली आहे.