उत्तरं आत्ताच जुळवू नका रे

कर्नाटकच्या सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंग वगैरेच्या प्रवेश परीक्षेत, एक उत्तर चुकलं की सीट गेली असं कोणीतरी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि इंजिनिअरिंगच्या रँकला पीयूचे म्हणजे बारावीचे मार्क निम्मे धरतात की. २०२४ ला काय झालं विसरलात काय, सिलॅबसबाहेरचे म्हणून चारी विषयांतले मिळून ५० प्रश्न केईएनं (परीक्षा घेणारं कर्नाटकचं प्राधिकरण) नंतर मोजलेच नाहीत, म्हणजे पेपर सुटल्या सुटल्या गेटवरच ज्यांनी बेरजा मांडल्या त्या सगळ्या फुकट. आमच्या खानापूरकडची एक हुशार पोरगी त्या बेरजेपायी धड जेवत नव्हती, फार वाईट वाटायचं बघून. आणि मित्राच्या प्रश्नपत्रिकेचा व्हर्जन कोड वेगळा असला तर प्रश्नांचे नंबर जुळणारच नाहीत, ते तरी आधी बघा. ओएमआरची (गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेची) कॉपी जपून ठेवा, केईएची तात्पुरती उत्तरसूची आली की तिच्याशीच जुळवा, चूक दिसली तर पुस्तकातला पुरावा जोडून ऑब्जेक्शन टाका, मुदत थोडीच असते.