मदत हवी आहे: माउथऑर्गनसाठी छोट्या व्हॉल्व्ह अँपमध्ये काय बदलू?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याला असतो, माउथऑर्गन वाजवतो. बोटीवर नोकरीला असलेल्या मामेभावाने येताना ५ वॉटचा जुना व्हॉल्व्ह अँप (काचेच्या नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा अँप्लिफायर) आणला. आत दोन व्हॉल्व्ह: माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा १२एएक्स७ आणि स्पीकर चालवणारा ६व्ही६; स्पीकर ८ इंची. ११० व्होल्टचा आहे, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो.

गिटारला झकास. पण मी बुलेट माइक (मुठीत मावणारा, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा माइक) माउथऑर्गनसकट मुठीत घट्ट धरला की व्हॉल्यूम ३ वर जायच्या आत फीडबॅकची शिट्टी, कुईऽऽ! शेजारचं कुत्रंही सूर धरतं.

१२एएक्स७ चा गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) १०० च्या घरात, म्हणून त्याच जागी कमी गेनचा व्हॉल्व्ह घालतात, पिना त्याच, एवढं वाचलंय. १२एयू७ (साधारण २०) घालून पाहिला. शिट्टी गेली, पण आवाजातला जीवही गेला, नुसता सपक. मला तो जाडसर, कडेला किंचित फाटलेला आवाज हवाय.

१२एवाय७ (साधारण ४५) कुणी वापरलाय का? मडगाव-पणजीत मिळेल की मुंबईचा लॅमिंग्टन रोडच (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) गाठावा लागेल? आणि एका व्हॉल्व्हकडून पुढच्याकडे सिग्नल नेणारा ०.०२ चा कपलिंग कपॅसिटर ०.०५ मायक्रोफॅरड केला तर खर्ज भरेल, की नुसता गडगडाट होईल?

म्हापशाचे एक रेडिओवाले काका म्हणाले, "उघडतो रे, पण काय बदलायचं ते तू सांग." प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर साठलेल्या विजेचा झटका देतात, त्यामुळे मी स्वतः आत हात घालणार नाही. प्रत्यक्ष केलेल्यांनीच सांगा, प्लीज.