मदत हवी आहे: आईच्या दाढेसाठी ब्रिज की इम्प्लांट?

नमस्कार मंडळी. आम्ही चाळीसगावचे. आईचं वय 61, शुगर आहे पण गोळ्यांवर ताब्यात आहे. खालची डावीकडची एक दाढ दोन वर्षांपूर्वी काढली. तेव्हापासून ती एकाच बाजूने चावते. कळण्याची भाकरी तर ठेच्यात कुस्करून, भिजवून खाते. वांग्याचं भरीत तेवढं सुखाने जातं.

इथल्या डॉक्टरांनी तीन दातांचा ब्रिज सुचवलाय. म्हणजे शेजारचे दोन्ही दात घासून त्यांवर कॅप, आणि मधे खोटी दाढ. माझा जीव इथेच अडकतो, कारण ते दोन्ही दात धडधाकट आहेत. जळगावचे डॉक्टर म्हणाले, इम्प्लांट करा, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर खोटी दाढ, शेजारच्या दातांना हात लागणार नाही. पण स्क्रू हाडात धरायला काही महिने लागतात, खर्चही जास्त. आईचं एकच पालुपद, "माले इतला खर्च नको."

कोणाच्या घरी शुगर असताना इम्प्लांट केलंय का? जखम भरायला त्रास झाला? आणि ब्रिजवाल्यांनो, खोट्या दाढेखाली अन्न अडकतं का, रोज साफ कशाने करता? ब्रिज मेटल-सिरॅमिकचा (आत धातू, वर सिरॅमिकचा थर) घ्यावा की झिरकोनियाचा (धातूविना, दातासारखा पांढरा), तेही सांगा. धुळे-जळगावकडचा खर्चाचा अंदाज मिळाला तर फार बरं होईल.