रुग्णसाहित्य केंद्राचं पोस्टर आणि ग्रुपवरची दुरुस्ती

जोशी काका (ए-101): नमस्कार मंडळी. मागच्या गल्लीतल्या रुग्णसाहित्य केंद्राचं पोस्टर टाकतोय. व्हीलचेअर, वॉकर, फाउलर बेड (डोक्याची-पायांची बाजू वर करता येणारा), एअर मॅट्रेस, कमोड चेअर, सगळं अनामत घेऊन विनाभाडे मिळतं. विश्वस्त म्हणताहेत की आता इन्स्टाग्रामवर यायचं. कृपया जास्तीत जास्त फॉरवर्ड करावे 🙏

कुलकर्णी काकू (ए-302): खूपच छान उपक्रम 👏

शुभांगी (सी-203): काका, जरा थांबा. पोस्टरवर तारीख नाही आणि मोबाईल नंबर एका कार्यकर्त्याचा खाजगी आहे. असं पोस्टर दोन-तीन वर्षं फिरत राहतं. त्या बिचाऱ्याने काम सोडलं तरी रात्री साडेअकराला फोन येणार, ‘बेड आहे का?’ आधी केंद्राच्या नावाचं वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका, ते फुकट आहे. बंद वेळेत जाणारं उत्तर लावून ठेवा: वेळ, पत्ता, येताना काय आणायचं. पोस्टरच्या तळाशी ‘ही माहिती अमुक तारखेपर्यंत’ हवंच.

निखिल (बी-504): बिझनेसमध्ये कॅटलॉग असतो ना? त्यात सगळ्या वस्तू फोटोसकट टाकू.

शुभांगी (सी-203): नको. वैद्यकीय वस्तू व्हॉट्सअ‍ॅपच्या व्यापार-धोरणात बसत नाहीत. आपण विकत नसलो तरी तपासणी यंत्रच करतं, ते व्हीलचेअर बघून नाकारणार. त्याऐवजी ‘क्विक रिप्लाय’ करा. /यादी टाइप केलं की पूर्ण यादी, /अनामत टाइप केलं की नियम. शिवाय लेबलं लावा: ‘दिलं’, ‘परत बाकी’, ‘दुरुस्तीला’. साहित्य परत न येणं हे अशा केंद्रांचं खरं दुखणं, आणि लेबल उघडलं की कोणाला आठवण करायची ते समोर येतं.

जोशी काका (ए-101): हे कळवतो. पण इन्स्टाग्राम?

शुभांगी (सी-203): माझ्या मते ते शेवटी. आई घरात पडली, उद्या डिस्चार्ज आहे, अशा वेळी कोणी रील बघत बसत नाही. माणूस गूगलवर ‘व्हीलचेअर जवळ’ शोधतो. म्हणून पहिलं काम गूगल मॅपवरची नोंद. तीही मोफत आहे. बहुतेक वेळा व्हिडिओ पडताळणी मागतात: रस्ता, पाटी, मग कुलूप उघडून आत जाणं, सगळं एका सलग चित्रणात. मध्ये तोडलं तर नाकारतात. नाव पाटीवर आहे तेच लिहा. ‘मोफत व्हीलचेअर बेड वॉकर’ असं नावात कोंबलं तर नोंद निलंबित होऊ शकते. आणि दिवाळीच्या सुट्टीच्या वेळा भरा, नाहीतर लोक बंद दारापर्यंत येऊन एक तारा देऊन जातात.

मनीषा (सी-601): टँकर आला का हो?

निखिल (बी-504): साडेचारला म्हणालाय.

निखिल (बी-504): फॉरवर्डबद्दल एक. मेसेज पाचदा फॉरवर्ड झाला की त्यावर दुहेरी बाण येतो आणि मग तो एका वेळी एकाच चॅटला जातो. शिवाय दुहेरी बाण दिसला की लोक अफवा समजून पुढे सरकतात. तेव्हा मजकूर कॉपी करून, वर स्वतःची एक ओळ लिहून पाठवायचा. ब्रॉडकास्ट यादी करणार असाल तर तीत 256 जण मावतात, पण ज्याने केंद्राचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून साहित्य देतानाच समोर नंबर सेव्ह करून घ्यायचा, अनामतीच्या पावतीबरोबर.

शुभांगी (सी-203): 👆 हे महत्त्वाचं. आणि पोस्टरवरचा मजकूर चित्रात अडकलाय, तो खाली टाइपही करा. डीटीपीवाल्याने श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) दिलेला मजकूर पेस्ट केला तर नुसती अगम्य चिन्हं येतात. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि चुका तपासा, नाहीतर नव्याने टाइप करा. क्यूआरच्या खाली यूपीआय आयडीही लिहा. स्वतःच्याच मोबाईलवर आलेला क्यूआर कॅमेऱ्याने स्कॅन कसा करणार?

मकरंद (बी-102): पैशांचा विषय निघालाच आहे तर. ‘सोसायटीच्या खात्यात जमवून एकरकमी देऊ’ असं कोणी सुचवलं तर ते अजिबात नको, कोणाच्या वैयक्तिक जीपेवर तर नाहीच. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 41क प्रमाणे अशी वर्गणी गोळा करणाऱ्याने धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. गणेश मंडळं घेतात ती परवानगी त्याच कलमाची. देणगी थेट ट्रस्टच्या खात्यात जाऊ दे, आणि पैसे भरताना स्क्रीनवर ट्रस्टचंच नाव दिसतंय ना, ते बघा.

मकरंद (बी-102): पोस्टवर नुसतं ‘करसवलत मिळेल’ लिहू नका. ट्रस्टकडे 80जी ची चालू मान्यता हवी, 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख रक्कम वजावटीला चालत नाही, आणि नवीन कररचना घेतलेल्याला काहीच मिळत नाही. पावतीसाठी पॅन घ्या, पण ग्रुपवर नको, त्या वेगळ्या नंबरवर.

कुलकर्णी काकू (ए-302): आमची तेजू न्यू जर्सीहून पाठवेल म्हणते. चालेल ना?

मकरंद (बी-102): काकू, पासपोर्ट कुठला? भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिले तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन पासपोर्ट असेल, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी. मग ट्रस्टला एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) नोंदणी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. छोट्या ट्रस्टकडे हे सहसा नसतं. ‘जगभरातून मदत करा’ ही ओळ त्यासाठीच पोस्टरवरून काढा.

कुलकर्णी काकू (ए-302): विचारून सांगते. अमेरिकनच असेल बहुतेक 😐

निखिल (बी-504): पैसे लावून जाहिरात करायची झाली तर? विश्वस्त 1,000 रुपये खर्चायला तयार आहेत.

शुभांगी (सी-203): फेसबुकवरचं ‘बूस्ट’ (पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवणं) आयफोनच्या अ‍ॅपमधून करू नका, अ‍ॅपलची 30 टक्के फी वर लागते. ब्राउझरमधून करा. 18 टक्के जीएसटी तरीही आहेच, म्हणजे 1,000 चे 1,180. केंद्राभोवती 5 किमीचं वर्तुळ टाका, अख्खं शहर नको. बेड टेम्पोत घालून न्यायचाय, दुसऱ्या टोकाहून कोण येणार? आणि ‘तुमच्या घरी अर्धांगवायूचा रुग्ण आहे का?’ असं लिहिलंत तर जाहिरात नाकारली जाईल. समोरच्याचं आजारपण गृहीत धरलेलं फेसबुकला चालत नाही. ‘व्हीलचेअर महिनाभरासाठी हवी असल्यास’ एवढं पुरतं.

शुभांगी (सी-203): फोटोत रुग्णाचा चेहरा नको, लेखी संमती असली तरी माझा विरोधच. अंथरुणावरच्या माणसाने दिलेली संमती कसली! साहित्याचा फोटो काढा. नंबर रंगवलेले वॉकर ओळीत, एकाच्या पायाचा झिजलेला रबरी बूट जवळून. आणि मागणं नेमकं ठेवा. ‘सढळ हस्ते मदत’ वाचून कोणाचाच हात हलत नाही. ‘वॉकरचे रबरी बूट 40 हवेत, एका वॉकरला 4 लागतात’ म्हटलं की एखादा 4 बूट आणून देतो, आणि तोच पुढच्या वर्षी एअर मॅट्रेसचा पंप देतो.

निखिल (बी-504): फेसबुक पेजचे अ‍ॅडमिन किमान दोन, त्यातला एक विश्वस्त. दोघांनाही टू-स्टेप पडताळणी लावा. ‘कॉपीराइटचा भंग झालाय, 24 तासांत पेज बंद, इथे क्लिक करा’ असा मेसेज येतो, मेटाच्या (फेसबुकच्या कंपनीच्या) नावाने. तो मेटाचा नसतो. क्लिक करून पासवर्ड दिला की पेज गेलं.

जोशी काका (ए-101): आणि उपयोग होतोय की नाही ते कसं कळणार? लाइक मोजायचे?

शुभांगी (सी-203): लाइक नको काका. व्हॉट्सअ‍ॅप चॅटची लिंक बनवता येते, तीत आधीच लिहिलेला मेसेज घालता येतो. फेसबुकच्या लिंकमध्ये ‘फेसबुकवर पाहिलं’, सोसायट्यांना पाठवायच्या लिंकमध्ये ‘सोसायटीतून कळलं’. फोन करणाऱ्याला तोंडी विचारा आणि वहीत रेघ मारा. महिन्याने वही बघून ठरवा, 1,000 पुन्हा घालायचे की नाही.

जोशी काका (ए-101): बरं, नवा मजकूर विश्वस्तांशी बोलून केलाय. बघा:

*रुग्णसाहित्य केंद्राला हवे आहे (31 तारखेपर्यंत): वॉकरचे रबरी बूट 40, एअर मॅट्रेसचे पंप 2. घरात पडून असलेलं, चालू स्थितीतलं साहित्यही चालेल. आणायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवा. वेळ: सायंकाळी 5 ते 8, सोमवार बंद.*

निखिल (बी-504): मस्त. पत्ता राहिला 😄

मनीषा (सी-601): आमच्या माळ्यावर एक वॉकर आहे. पण बूट तीनच आहेत. चालेल?

जोशी काका (ए-101): चालेल. फोटो पाठवा. पत्ता घालतो आत्ताच.