गंजिफा रंगवणाऱ्या ताईसाठी साधी वेबसाइट: सल्ला हवा

मोती_तलाव:
नमस्कार मंडळी. माझी मोठी बहीण सावंतवाडीत गंजिफा रंगवते, म्हणजे ते खेळायचे गोल पत्ते. दशावतारी संचात १२० पत्ते असतात. दहा अवतार, प्रत्येकाचा एक राजा, एक वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. अख्खा संच हाताने करायला तिला दोन-अडीच महिने लागतात, त्यामुळे वर्षाला चार-पाचच होतात. घर चालतं ते त्याच नक्षीचे कोस्टर, भिंतीवरच्या थाळ्या आणि आहेराच्या डब्या यांवर.

आतापर्यंत सगळं व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टावर चाललंय. रोज तेच चार प्रश्न येतात: केवढ्याला, पाठवता का, किती दिवस लागतील, आणि हे खेळतात कसं. ती ब्रश खाली ठेवून उत्तरं लिहीत बसते, तोवर वाटीतला रंग सुकतो.

एका डिझायनरने ४५,००० सांगितलेत. त्यात कार्ट, पेमेंट, ग्राहकांचं लॉगिन, शिवाय चॅटबॉट. ताई म्हणाली, "माका ह्या सगळा कित्याक व्हया?" मी शाळेत शिकवते, कोडिंगचा गंध नाही. वर्षाला चार-पाच हजारांत आपलं आपण जमेल का?

खटपट्या:
ताईंचं बरोबर आहे. वर्षाला पाच संच विकणाऱ्या बाईला लॉगिन कशाला? कोस्टर घ्यायला कोण पासवर्ड लक्षात ठेवणार आहे!

तुम्ही जे चार प्रश्न लिहिलेत ना, तीच तुमची वेबसाइट. एकच लांब पान करा. वर एक मोठा फोटो आणि दोन ओळी: हे काय आहे, कोण करतं, कुठे. खाली सहा-सात वस्तू, प्रत्येकीची किंमत, माप आणि किती दिवसांत मिळेल ते. मग खेळायचं कसं. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपचं बटण, ज्यावर टिचकी मारली की थेट ताईंशी गप्पांची खिडकी उघडेल. "किंमतीसाठी मेसेज करा" असं कृपा करून लिहू नका. निम्मे लोक तिथेच परत फिरतात, आणि उरलेले तोच प्रश्न विचारतात ज्यापासून ताईंची सुटका करायची आहे.

गूगल साइट्सवर हे फुकटात होतं, कोड लिहावा लागत नाही आणि स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, जोडता येतं. दिसायला साधंच दिसेल, पण इथे पत्तेच इतके रंगीत आहेत की बाकी पान पांढरं असलेलं बरं. डॉट इन डोमेन साधारण हजाराच्या आत मिळतं. घेताना पहिल्या वर्षाची सवलत बघू नका, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला किती पडतात ते बघा.

आणि डोमेन ताईंच्या नावावर, ताईंच्या ईमेलवर, ताईंच्या हाताने घ्या. माझ्या मावसभावाने लाकडी खेळण्यांची साइट एका ओळखीच्या पोराकडून करून घेतली. डोमेन पोराच्या खात्यात. पोरगा दुबईला गेला, फोन उचलेना, मुदत संपली. ते नाव आता कुणा तिऱ्हाइताकडे आहे, आणि भावाच्या छापील पिशव्यांवर अजून तोच पत्ता.

वाटसरू_७२:
मी तर म्हणतो साइटच्या आधी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या नकाशावरची धंद्याची नोंद, भरा. सावंतवाडीत राजवाडा बघायला आणि गोव्याला जाता-येता थांबणारे लोक नकाशावरच शोधतात. फुकट आहे. पडताळणीसाठी बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, तेव्हा घराबाहेर नावाची पाटी आधी लावून ठेवा.

खटपट्या:
@वाटसरू, सहमत, पण "आधी" नको, "सोबत" म्हणा. नकाशावर खेळाचे नियम कुठे लिहिणार?

सांजसावली:
मी वस्तूंचे फोटो काढते. तुमचं खरं दुखणं फोटोत असणार. त्या पत्त्यांवर लाखेची चकाकी असते. ट्यूबलाइटखाली फोटो काढला की मधोमध पांढरा पट्टा, आणि नेमका राजाचा चेहरा गायब. फ्लॅश बंदच ठेवा.

सकाळी उत्तरेकडच्या खिडकीजवळ टेबल घ्या, ऊन थेट येऊ देऊ नका. खिडकीला पांढरी पातळ ओढणी लावा. समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा, म्हणजे सावली मऊ पडते. मग फोन जागेवर ठेवून पत्ता किंचित तिरपा करत जा, चकाकी एका क्षणी सरकून बाहेर जाते, तेव्हा टिपा. गोल वस्तू अगदी वरून काढली नाही तर अंड्यासारखी दिसते, त्यामुळे तिरपेपणा थोडाच. एक फोटो ताईंच्या हातात पत्ता धरलेला हवाच, त्याशिवाय आकार कळत नाही. रंग लागलेली बोटं असू द्या, धुऊन नका बसवू.

चढवण्याआधी फोटो लहान करा. रुंदी १,६०० पिक्सेल पुष्कळ झाली. फोनमधून थेट पाच-पाच एमबीचे टाकले तर आंबोली घाटातल्या माणसाला पान उघडेपर्यंत धबधबा आटेल.

अक्षरवेडा:
मजकूर मराठीत असणार ना? मग दोन गोष्टी. पहिली: छापखान्यात केलेल्या जुन्या पत्रकातला मजकूर उचलून चिकटवू नका. तो बहुधा युनिकोडपूर्व, म्हणजे तो फॉन्ट असलेल्या संगणकावरच नीट दिसणाऱ्या फॉन्टमध्ये असतो आणि साइटवर नुसता कचरा दिसतो. पुन्हा टाइप करा.

दुसरी माझी हौस समजा. देवनागरीतले 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे हवेत, हिंदी वळणाचे नकोत. 'मुक्त' हा फॉन्ट फुकट आहे, स्वच्छ आहे आणि मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने केलाय. मराठी वळणच पक्कं हवं तर 'टिरो देवनागरी मराठी' बघा, तोही फुकट. पण सगळं पान एकाच फॉन्टमध्ये ठेवा, अवताराला एक असे दहा नकोत.

मोती_तलाव:
@अक्षरवेडा, पत्रकाचं अगदी तेच झालं! चिकटवल्यावर सगळं अगम्य उमटलं, मला वाटलं माझा फोनच बिघडला.

जमाखर्च:
पेमेंट गेटवेच्या, म्हणजे साइटवरच पैसे घेणाऱ्या सेवेच्या, मागे आत्ताच लागू नका. ते प्रत्येक व्यवहारावर पैसे कापतात, शिवाय परतावा, गोपनीयता, अटी अशी पानं मागतात. ऑर्डर पक्की झाली की यूपीआय, एवढं पुरे. कोस्टर तयार असतील तर पूर्ण रक्कम, संचाला निम्मी आगाऊ, आणि हे साइटवर स्वच्छ लिहा.

जीएसटीचं एक: माल राज्याबाहेर पाठवला की नोंदणीचा प्रश्न येतो. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना एका मर्यादेपर्यंत त्यातून सूट आहे, पण तिलाही अटी आहेत. बेळगाव-पणजीच्या ऑर्डरी घेण्याआधी सीएला तासभर भेटा.

घोवाचो_काकूस:
सावंतवाडीचा नाव वाचून बरा वाटला. थोडा आपल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवींबद्दलपण लिवा, त्येंनी ही कला परत उभी केली म्हणान आज तुमची ताय ब्रश धरता. आणि इंग्रजीत एक पान ठेवा. पत्ते जमवणारे लोक जगभर आसत.

मोती_तलाव:
सगळ्यांचे मनापासून आभार. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन आले. डोमेन ताईच्या नावावर ८०० च्या आत मिळालं, ओटीपी तिने स्वतः टाकला. ओढणीची युक्ती चालली, फक्त मांजर दोनदा थर्माकोलवर बसलं. किंमती लिहायला ताई तयार नव्हती, "लोक काय म्हणतील", शेवटी कोस्टर आणि डब्यांच्या लिहिल्या. संचाची अजून नाही, त्यावर घरात वाद चालू आहे. कच्चं पान तयार आहे, लिंक व्यक्तिगत निरोपातून पाठवते. चुका काढा.

खटपट्या:
पाहिलं. फोनवर झटकन उघडतंय. व्हॉट्सअ‍ॅपचं बटण चालत नाहीये, नंबरच्या आधी ९१ घालायचं राहिलंय. संचाची किंमत टाकाच.

अक्षरवेडा:
'ल' छान. पण दुसऱ्या ओळीत माशाच्या पत्त्याखाली 'कूर्म' लिहिलंय आणि कासवाखाली 'मत्स्य'. ताईंना दिसण्याआधी बदला.